छायाचित्रकाराचे गणित : मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याची साहाय्यक साधने, ॲक्टिनोग्राफपासून स्मार्टफोनपर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

चार इंच बाय पाच इंच किंवा आठ इंच बाय दहा इंच आकाराच्या सुट्या फिल्मवर छायाचित्र घेणारा कॅमेरा यंत्रदृष्ट्या अत्यंत साधा असतो. पुढे भिंग, मागे दुधी काच, आणि त्या दोहोंना जोडणारा भाता, एवढाच त्याचा संसार. प्रकाश किती आहे हे ह्या कॅमेऱ्याला कळत नाही. भाता ताणला असता प्रकाश किती क्षीण झाला, हे तो सांगत नाही. कोणते छायाचित्र कोठे आणि केव्हा घेतले याची नोंदही तो ठेवीत नाही. दुधी काचेवर उमटणारी प्रतिमाही उलटी असते, आणि ती नीट दिसावी म्हणून छायाचित्रकाराला डोक्यावरून काळे कापड ओढून घ्यावे लागते. डिजिटल कॅमेऱ्याच्या आजच्या युगातही ही पद्धती नष्ट झालेली नाही. तिचे उपासक थोडे असले तरी निष्ठावंत आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशात आता स्मार्टफोन असतो. प्रकाश मोजणे, चौकट ठरविणे, उद्भासन-कालाचा, म्हणजे फिल्म प्रकाशास उघडी ठेवण्याच्या अवधीचा हिशेब करणे, सूर्यचंद्रांची स्थाने काढणे आणि टिपण ठेवणे, ही सर्व कामे त्या फोनमधील ॲपे करतात.

ह्या मीलनासंबंधी दोन मते ऐकावयास मिळतात. पहिल्या मताप्रमाणे फोनच्या साहाय्याने हस्तकौशल्य भ्रष्ट होते, तर दुसऱ्याप्रमाणे फोनमुळे छायाचित्रकार प्रथमच गणिताच्या जाचातून मुक्त झाला आहे. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, पूर्वीचा छायाचित्रकार केवळ डोळा आणि अनुभव यांवर विसंबून काम करीत असे. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू होय. दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा आहे. छायाचित्र हे इतिहासाचे साधन मानले जाते. तेव्हा ते घेताना वापरलेले गणनसाधन मागे कोणता पुरावा ठेवते, आणि तो पुरावा किती काळ टिकतो, ह्या प्रश्नाची उपेक्षा संशोधकाला परवडणारी नाही.

२. गणनसाधनांचा उगम

१८३९ साली दागेर याची पद्धती पॅरिस येथे जाहीर झाली. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कोलोडियनची ओली काच प्रचारात आणली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह प्रसिद्ध झालेली मेजर रॉबर्ट गिल यांची लेण्यांची छायाचित्रे घेतली गेली, तो काळ ह्याच ओल्या काचेचा होय. ह्या पद्धतीत काच ओली असतानाच ती उघडावी लागे आणि ओली असतानाच धुवावी लागे. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर अंधाऱ्या खोलीचा तंबू असे. हा व्याप त्रासदायक खरा, परंतु त्यात एक मोठी सोय होती. उद्भासनात चूक झाली तर ती काही मिनिटांतच ध्यानात येई, आणि तेथल्या तेथे दुसरी काच घेऊन सुधारता येई. अशा परिस्थितीत कोष्टकाची निकड भासली नाही, यात नवल नाही.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढे अशा काचा कारखान्यातून तयार मिळू लागल्या, आणि छायाचित्रणाच्या व्यवहारात एक निर्णायक पालट घडून आला. काच उघडण्याची जागा आणि ती धुण्याची जागा यांची फारकत झाली. प्रवासात घेतलेली काच आठवड्यांनी किंवा महिन्यांनी घरी धुतली जाऊ लागली. चूक कळून येईपर्यंत ती सुधारण्याची संधी निघून गेलेली असे. जे पूर्वी करून पाहता येत होते ते आता आधीच जाणून घेणे भाग पडले. गणनसाधनांचा जन्म ह्या निकडीतून झाला. साधने सुधारली म्हणून गणित आले असे नसून, फलदर्शनास विलंब होऊ लागला म्हणून गणित आले, असे म्हणावे लागते.

३. पंचांग आणि मापन

ह्या निकडीला दोन भिन्न उत्तरे मिळाली. पहिले उत्तर इंग्लंडमधील विडनेस ह्या कारखानदारीच्या गावी तयार झाले. तेथे रासायनिक उद्योगात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड यांनी १८८८ साली ॲक्टिनोग्राफ नावाच्या साधनाचे पेटंट घेतले. त्याची रचना सरकपट्टीसारखी होती. विशिष्ट अक्षांशावर वर्षाच्या कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, किती प्रकाश असतो याचा आलेख त्यात बसविलेला असे. त्याला काचेचा वेग, भिंगाचे छिद्र आणि आकाशाची स्थिती यांची जोड दिली की उद्भासन-काल निघे. १८९० साली ह्याच दोघांनी काचेवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर येणारा काळेपणा यांचा संबंध वक्ररेषेने दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला, आणि फिल्मच्या वेगमापनाचा शास्त्रीय पाया घातला.

दुसरे उत्तर हेरेफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांचे. त्यांच्या १८९० सालच्या साधनात प्रकाशाने काळवंडणाऱ्या कागदाचा तुकडा असे. तो कागद ठरावीक छटेइतका काळा होण्यास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे आणि त्यावरून हिशेब करावयाचा, अशी ती रीत होती. पुढे हेच साधन खिशातील घड्याळाच्या आकारात ‘बी मीटर’ ह्या नावाने लोकप्रिय झाले.

ह्या दोन साधनांतील भेद तात्त्विक स्वरूपाचा आहे. ॲक्टिनोग्राफ हे एक प्रकारचे पंचांग होय. आकाशातील गती नियमबद्ध असल्यामुळे प्रकाश किती असावा हे ते प्रत्यक्ष न पाहता सांगते. वॉटकिन्सचे साधन मापन करते. त्या जागी त्या क्षणी प्रकाश किती आहे, एवढेच ते विचारते. पुढील सव्वाशे वर्षांतील बहुतेक साधने ह्या दोहोंपैकी एका परंपरेत मोडतात.

मापनाच्या परंपरेत मोठी मजल १९३२ साली मारली गेली. अमेरिकेतील वेस्टन कंपनीने त्या वर्षी सेलेनियमचा प्रकाशविद्युत्‌घट वापरणारे ६१७ क्रमांकाचे मापक छायाचित्रकारांसाठी विक्रीस आणले. कागद काळा होण्याची वाट पाहणे संपले आणि काटा तत्काळ हलू लागला. तथापि गणित त्यामुळे संपले नाही. कार्ल श्वार्ट्‌सशिल्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले होते की, मंद प्रकाशात दीर्घकाळ उघडी ठेवलेली काच हिशेबाच्या मानाने कमी काळी होते. भात्याचा नियमही असाच अटळ आहे. १५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगासाठी भाता ३०० मिलिमीटर ताणला, तर अंतर दुप्पट झाल्याने प्रकाश एकचतुर्थांश होतो आणि उद्भासन चौपट करावे लागते. तिरक्या पृष्ठभागावर सर्वत्र स्पष्टता आणण्यासाठी भिंग किती कलते करावे, याचे भूमितीय विवेचन ऑस्ट्रियन कॅप्टन टेओडोर शाइम्पफ्लुग याने १९०४ सालच्या पेटंटात केले होते, आणि त्यात झूल कार्पांत्ये याच्या आधीच्या कार्याचा उल्लेखही केला होता. चौकट ठरविण्यासाठीही साधन होते. पुठ्ठ्यात फिल्मच्या आकाराची खिडकी कापून ती भिंगाच्या नाभ्यंतराइतक्या अंतरावर डोळ्यापुढे धरली, की ते भिंग किती देखावा सामावून घेईल ते दिसते. एक पैसा खर्च न होता मिळणारे हे साधन भूमितीच्या दृष्टीने निर्दोष आहे.

तात्पर्य, कोष्टके, सरकपट्ट्या, पुठ्ठे आणि मापके यांवाचून काम करणारा छायाचित्रकार ही बव्हंशी कल्पनेतील व्यक्ती ठरते. कॅमेऱ्याच्या पेटीत न मावलेले गणित नेहमीच दुसऱ्या पेटीत ठेवलेले होते.

४. हर्नांडेझ येथील चंद्रोदय

ह्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र वरील निष्कर्षाच्या विरुद्ध म्हणून सांगितले जाते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) हे १९४१ सालच्या शरद ऋतूत न्यू मेक्सिको राज्यात प्रवास करीत असता हर्नांडेझ ह्या खेड्याजवळ त्यांना एक दृश्य दिसले. पूर्वेस चंद्र वर आलेला, खाली हिमाच्छादित डोंगर आणि ढगांची पट्टी, आणि पुढे कबरस्तानातील क्रूस मावळत्या उन्हात उजळलेले. ॲडम्स यांनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या हकीकतीनुसार, त्यांनी घाईने आठ बाय दहाचा कॅमेरा उभा केला, परंतु वेस्टनचे मापक काही केल्या सापडेना. तेव्हा चंद्राची दीप्ती प्रति चौरस फूट २५० कँडल असते हे त्यांना आठवले आणि त्या एका आकड्यावरून त्यांनी सर्व हिशेब केला.

तो हिशेब पाहण्यासारखा आहे. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९–४० च्या सुमारास रचलेल्या ‘झोन’ पद्धतीत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट दीप्तीची असते. चंद्र सातव्या पायरीवर ठेवला, तर पाचव्या म्हणजे मध्यम पायरीवर त्याच्या एकचतुर्थांश, सुमारे ६० कँडल दीप्ती येते. फिल्मचा वेग ६४ होता. वेगाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे एफ/८ छिद्र ठेवल्यास उद्भासन-काल दीप्तीच्या आकड्याचा व्यस्त, म्हणजे १/६० सेकंद येतो. भिंगावरील फिल्टरसाठी तो तिप्पट करून १/२० सेकंद झाला. छिद्र एफ/३२ पर्यंत लहान केल्याने प्रकाश सोळा पटींनी घटला, म्हणून सुमारे १ सेकंद. एक फिल्म उघडून झाली आणि दुसरीसाठी त्यांनी फिल्मधारक उलटा केला, तोच क्रुसांवरचे ऊन निघून गेले. त्यामुळे निगेटिव्ह एकच राहिली.

ही कथा साधनावाचून साधलेल्या सिद्धीची म्हणून सांगितली जाते. परंतु तिची छाननी केली असता दोन गोष्टी आढळतात. पहिली अशी की, ॲडम्स यांच्यापाशी यंत्र नसले तरी साधन होते. चंद्राच्या दीप्तीचा आकडा हे कोष्टकच होय. ते कागदावर नसून स्मरणात होते, इतकेच. ते मापनाच्या परंपरेतून क्षणार्धात पंचांगाच्या परंपरेत गेले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हे छायाचित्र प्रथम १९४२ सालच्या अखेरीस ‘यू. एस. कॅमेरा’ ह्या वार्षिकाच्या १९४३ च्या अंकात प्रसिद्ध झाले. त्याबरोबर ॲडम्स यांनी दिलेल्या निवेदनात ते सूर्यास्तानंतर घेतल्याचे म्हटले आहे, आणि पुढील भागाच्या प्रकाशाचे मूल्य वेस्टन मास्टर मापकाच्या तबकडीवर कोणत्या खुणेवर ठेवले तेही सांगितले आहे. म्हणजे घटनेला जवळ असलेल्या पहिल्या निवेदनात मापक वापरलेले आहे, तर नंतरच्या हकीकतीत ते हरवलेले आहे. समकालीन साक्ष उत्तरकालीन साक्षीहून अधिक ग्राह्य, हा इतिहासलेखनाचा सामान्य नियम येथे लावावा, तर प्रसिद्ध कथा डळमळते.

मात्र तो नियमही येथे डोळे मिटून लावता येत नाही. ॲडम्स आपल्या निगेटिव्हवर तारखा घालण्याविषयी उदासीन होते. ह्या छायाचित्राला १९४० पासून १९४४ पर्यंतची निरनिराळी साले दिलेली आढळतात. छायाचित्रणाचे इतिहासकार बोमाँट न्यूहॉल यांच्या सूचनेवरून खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड एल्मोर यांनी चंद्राच्या स्थानावरून संगणकाने हिशेब केला आणि ३१ ऑक्टोबर १९४१ हा दिवस काढला. पुढे डेनिस डी चिको यांनी कॅमेऱ्याची जागा अधिक काटेकोरपणे निश्चित करून १९९१ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ ह्या नियतकालिकात दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानुसार छायाचित्राचा क्षण १ नोव्हेंबर १९४१, स्थानिक प्रमाणवेळेप्रमाणे सायंकाळी ४ वाजून ४९ मिनिटे २० सेकंद हा होय. समतल क्षितिज धरले, तर त्या दिवशी तेथील सूर्यास्तास ह्या क्षणी सुमारे २० मिनिटे अवकाश होता. म्हणजे क्रुसांवर ऊन होते ही उत्तरकालीन आठवण गणिताशी जुळते, आणि ‘सूर्यास्तानंतर’ हे समकालीन विधान जुळत नाही. मापक होते की नव्हते, ह्या प्रश्नाचा निर्णय मात्र चंद्र देऊ शकत नाही. ज्या निवेदनाची एक बाजू चुकीची ठरली त्याची दुसरी बाजू आपोआप खोटी ठरत नाही, आणि उत्तरकालीन हकीकतीची एक बाजू जुळली म्हणून ती सर्वस्वी खरीही ठरत नाही.

ज्या आकाशस्थ गतीचा आधार हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी छायाचित्र घेण्यापूर्वीच्या गणितासाठी घेतला, तोच आधार येथे छायाचित्र घेतल्यानंतर पन्नास वर्षांनी तारीख ठरविण्यासाठी कामी आला. चित्रात चंद्र होता म्हणून हे साधले. चंद्र नसलेल्या असंख्य निगेटिव्हना ही सोय नाही.

५. स्मार्टफोनचे आगमन

ॲपलचा आयफोन २००७ साली बाजारात आला, आणि इतरांनी तयार केलेली ॲपे त्यावर घेण्याची व्यवस्था जुलै २००८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत वर वर्णिलेली जवळजवळ सर्व साधने फोनमध्ये अवतरली. ती नवी कल्पना घेऊन आली नाहीत. जुन्याच कल्पना एका ठिकाणी आल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. फोनच्या कॅमेऱ्याचा उपयोग प्रकाशमापक म्हणून करणारे ॲप हे वेस्टनचे वंशज होय. स्लोव्हेनियात तयार होऊन २०१३ साली लोकवर्गणीतून पुढे आलेले ल्यूमू हे उपकरण फोनच्या श्रवणयंत्राच्या खाचेत बसवीत, आणि त्याचा छोटा घुमट वस्तूवर पडणारा प्रकाश मोजी. सूर्यचंद्रांची दिशा आणि उंची नकाशावर दाखविणारे फोटोपिल्ससारखे ॲप हे ॲक्टिनोग्राफच्या पंचांग-परंपरेतील होय. निवडलेल्या भिंगाची चौकट फोनच्या पडद्यावर दाखविणारे ॲप म्हणजे तोच खिडकी कापलेला पुठ्ठा.

दीर्घ उद्भासनाच्या हिशेबात फोनची उपयुक्तता विशेष जाणवते. इल्फर्ड कंपनीने आपल्या फिल्मसाठी घातांक दिलेले आहेत. एफपी४ प्लस ह्या फिल्मचा घातांक १.२६ आहे. मापकाने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे १८ सेकंद, आणि ३० सेकंद सांगितले तर सुमारे ७३ सेकंद ती उघडी ठेवावी लागते. शिवाय भाता ताणलेला असेल तर आधी तो गुणाकार करून मगच हा घातांक लावावयाचा असतो. क्रम उलटला तर उत्तर चुकते. संधिप्रकाशात, बोटे गारठलेली असता, हे गणित मनाने करणे कठीण. ॲप ते चुकविणार नाही. परंतु भाता किती ताणला आहे हे ॲपला दिसत नाही. तो आकडा फूटपट्टीने मोजून छायाचित्रकारानेच द्यावयाचा असतो. त्याचप्रमाणे कोणती छाया कोणत्या पायरीवर ठेवावयाची, हा निर्णय हर्नांडेझ येथे जसा माणसाचा होता तसा आजही माणसाचाच आहे. तेव्हा फोनने कौशल्य भ्रष्ट केले असे म्हणता येत नाही, आणि छायाचित्रकाराला त्यातून मुक्त केले असेही म्हणता येत नाही.

६. पुराव्याचा प्रश्न

उरतो तो दुसरा प्रश्न. डिजिटल कॅमेरा तारीख, वेळ आणि उद्भासनाचे आकडे चित्राच्या फाइलमध्येच लिहितो. सुटी फिल्म असे काही करीत नाही. तिच्या कडेवरील खाचांवरून फिल्मची जात कळते. परंतु गुंडाळीच्या फिल्मवर असतो तसा अनुक्रमांकही तिच्यावर नसतो. त्यामुळे टिपणवहीला ह्या पद्धतीत असाधारण महत्त्व आहे. फोनमधील टिपण ह्या बाबतीत वहीहून श्रेष्ठ वाटते, कारण त्यात जागेचे अक्षांश-रेखांश आणि सेकंदापर्यंतची वेळ आपोआप येते. १९४१ साली असे टिपण असते, तर एल्मोर आणि डी चिको यांच्या श्रमांची गरजच पडली नसती.

परंतु टिपण करणे आणि टिपण टिकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या आयफोन ७ मध्ये श्रवणयंत्राची खाच राहिली नाही, आणि त्या खाचेत बसणारी मापके नव्या फोनला थेट लावता येईनाशी झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसृत झालेल्या आयओएस ११ ह्या प्रणालीत ३२-बिट पद्धतीने लिहिलेली जुनी ॲपे चालेनाशी झाली. ज्यांच्या कर्त्यांनी ती पुन्हा लिहिली नाहीत ती ॲपे नव्या फोनवर मृतवत्‌ झाली, आणि त्यांच्यात साठविलेले टिपण वेळीच बाहेर काढले नसेल तर तेही त्यांच्याबरोबर अडकले. याउलट हर्टर आणि ड्रिफील्ड यांची सरकपट्टी आज हाती आली, तर ती वाचण्यास अन्य कशाचीही अपेक्षा नाही. शाईने लिहिलेली वही तर शंभर वर्षांनीही उघडता येते.

ह्यावरून असा निष्कर्ष निघतो की, गणनसाधनाचे मूल्य दोन वेळा ठरते. एकदा छायाचित्र घेताना, आणि पुन्हा ते छायाचित्र पुरावा म्हणून पुढे येते तेव्हा. पहिल्या कसोटीस स्मार्टफोन पूर्णपणे उतरतो आणि पूर्वीच्या साधनांचा तो योग्य वारस ठरतो. दुसऱ्या कसोटीस मात्र, त्याने केलेली नोंद कागदावर उतरवून निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिली जाईपर्यंत, तो उतरला असे म्हणता येणार नाही. संग्रहालयांत आणि विद्यापीठांच्या दफ्तरांत ह्या पिढीच्या निगेटिव्ह येऊ लागतील, तेव्हा त्यांच्याबरोबर टिपणे कोणत्या स्वरूपात आली आहेत याची विचारणा त्या दात्याच्या हयातीतच झाली पाहिजे. ॲडम्स यांच्या एका चित्राची तारीख ठरविण्यास दोन अभ्यासकांची गणिते आणि पन्नास वर्षे लागली. तेथे निदान चंद्र साक्षीला उभा होता.